विजेच्या वाटेवरील गावांचा वाटा

चांद्याचा कोळसा चांद्यासच जळतो, त्याचा धूर चांद्याच्याच आकाशात पसरतो आणि त्याची राख चांद्याच्याच मातीत पडते. परंतु त्या ज्वलनापासून निघणारी वीज मात्र चांद्यास थांबत नाही. चंद्रपूरहून निघालेली पाचशे किलोव्होल्ट दाबाची एक वाहिनी १९९९ सालापासून सुमारे ७५२ किलोमीटरचे अंतर तोडून ठाणे जिल्ह्यातील पडघ्यास पोहोचते आणि १५०० मेगावॉटपर्यंत वीज मुंबईच्या दाराशी नेऊन ठेवते. भद्रावतीच्या केंद्राने १९९७-९८ साली पश्चिम व दक्षिण विभागांच्या वीजजाळ्यांची गाठ घातली. वरोऱ्याहून आंध्रातील कर्नूलकडे जाणारी ७६५ किलोव्होल्टची वाहिनी २०२३ साली पुरी झाली. इकडे गडचिरोलीत सुरजागडच्या लोहखनिजावर कोनसरी येथे मोठा उद्योग उभा राहत आहे. तेव्हा वैनगंगेपलीकडच्या रानातही वाहिन्या आणि उपकेंद्रे वाढत जाणार, हे सांगावयास ज्योतिषी नको. अशा वेळी एक प्रश्न रोखठोक विचारणे आम्ही आपले कर्तव्य समजतो. ज्यांच्या भूमीतून, रानातून आणि डोक्यावरून ही वीज जाते, त्या गावांचा तीत वाटा कोणता?

प्रश्नाचा विपर्यास होऊ नये म्हणून आरंभीच एक खुलासा करून ठेवतो. वाहिन्या नकोत, वीज जिल्ह्याबाहेर जाऊ देऊ नये, असे म्हणणाऱ्यांच्या पंक्तीस आम्ही बसत नाही. ३१ डिसेंबर २०१३ रोजी दक्षिणेचे जाळे उरलेल्या देशाच्या जाळ्याशी एका लयीत जोडले गेले आणि हिंदुस्थानची वीज एका सूत्रात ओवली गेली, ही गोष्ट आम्हांस अभिमानाचीच वाटते. मुंबईचे रुग्णालय व मद्रासचा कारखाना हे आमचे परके नव्हेत. पण राष्ट्र म्हणजे तारेचे केवळ एक टोक नव्हे. जेथे दिवा लागतो ते जसे राष्ट्र, तसे जेथे भट्टी पेटते तेही राष्ट्रच. एका टोकास सर्व लाभ आणि दुसऱ्या टोकास सर्व भार अशी वाटणी एकत्र कुटुंबात झाली तर आम्ही वकील लोक तिला अन्याय्य म्हणून दाव्यात खोडून काढू. मग राष्ट्राच्या कुटुंबात तीच वाटणी न्याय्य कशी ठरते?

भाराचा हिशेब नवा नाही. वरोऱ्याची कोळशाची खाण गेल्या शतकाच्याही आधी, १८७० नंतरच्या काळात सुरू झाली आणि १९०६ साली बंद पडली; तिच्या जागी बल्लारपूरची खाण आली. दुर्गापूरजवळच्या महाऔष्णिक केंद्राचा पहिला संच १९८३ साली चालू झाला. त्या केंद्राचे २१० मेगावॉटचे दोन जुने संच आता मोडीत निघाले असून नवे धरून त्याची शक्ती २९२० मेगावॉट आहे. त्याच्यासाठी इरई नदीचे पाणी धरणात अडविलेले आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली देशातील औद्योगिक क्षेत्रांची प्रदूषणावरून क्रमवारी लाविली, तेव्हा चंद्रपूरचा अंक ८३.८८ भरला आणि आमचे शहर साऱ्या देशात चौथे आले. असा चौथा नंबर कोणत्याही शाळेने भिंतीवर लावू नये! पुढे २००५ नंतर भारनियमनाचा काळ आला, तेव्हा मुंबई शहरास त्यातून वगळण्यात आले आणि ज्या विदर्भात ही वीज निघते तेथील खेड्यांत मात्र तासन् तास अंधार राहिला. दिव्याखाली अंधार ही म्हण आमच्या वाडवडिलांनी रचली, पण तिचा असा शब्दशः अनुभव घेण्याचे भाग्य आमच्याच पिढीच्या वाट्यास आले.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. वाहिनीसाठी शेतात मनोरा उभा करावयाचा तर ती जमीन सरकार संपादन करीत नाही. लॉर्ड डफरिनच्या अमदानीत १८८५ साली झालेल्या तार कायद्याच्या दहाव्या कलमान्वये तारखात्यास कोणाच्याही जमिनीवरून तार नेण्याचा व खांब रोवण्याचा हक्क मिळाला. मालकी मालकाचीच राहिली आणि नुकसान झाले तर भरपाई द्यावयाची, एवढेच ठरले. २००३ च्या वीज अधिनियमातील १६४ व्या कलमाने सरकारला हाच अधिकार वीज वाहून नेणाऱ्या कंपन्यांस देता येतो. मौज अशी की, १८८५ चा तो कायदा २०२३ च्या दूरसंचार अधिनियमाने रद्द झाला. तारायंत्रही केव्हाच इतिहासजमा झाले. परंतु त्या कायद्याचा तिसरा भाग तेवढा विजेच्या वाहिन्यांपुरता जिवंत ठेवण्यात आला! परकीय सरकारने आपल्या सोयीसाठी घडविलेले हत्यार स्वकीय सरकारासही इतके प्रिय व्हावे, याचे आम्हांस नवल वाटते.

या कायद्याची धार थोडी बोथट व्हावी म्हणून केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने २०१५ साली मार्गदर्शक सूचना काढल्या. मनोऱ्याच्या पायांखालील जमिनीच्या किमतीच्या ८५ टक्के आणि तारांखालील पट्ट्यासाठी किमतीच्या १५ टक्क्यांपर्यंत रक्कम द्यावी, असे त्यांत म्हटले होते. जून २०२४ मध्ये हेच प्रमाण अनुक्रमे २०० व ३० टक्के करण्यात आले. ही सुधारणा आहे आणि तिचे आम्ही स्वागत करतो. तथापि तिच्यात तीन उणिवा राहिल्या आहेत. रक्कम जमिनीच्या किमतीवर अवलंबून असल्यामुळे जेथे जमीन स्वस्त तेथे भरपाईही स्वस्त. पुण्याजवळच्या शेतावरची तार आणि धानोऱ्याच्या शेतावरची तार सारखीच जड असली तरी मोल सारखे नाही. दुसरे असे की, पैसा एकदा मिळतो आणि तार पिढ्यान् पिढ्या राहते. तिसरी उणीव सर्वांत मोठी. ज्याच्या नावाचा सातबारा त्यालाच पैसा. ज्याचे शेत नाही, पण ज्याचे सारे जीवन त्या रानावर चालते, त्याचे नाव या हिशेबात कोठेच नाही.

गडचिरोलीचा बहुतेक प्रदेश रानाचा आहे, म्हणून या तिसऱ्या उणिवेचा विचार येथे विशेष अगत्याने करावयास पाहिजे. २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनहक्क ग्रामसभांस दिले. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावास २००९ साली सुमारे १८०० हेक्टर रानावर असा हक्क मिळाला. परंतु त्याच रानातून वाहिनी गेली म्हणजे वनजमिनीचे मोल म्हणून जी रक्कम भरली जाते, ती ग्रामसभेच्या पेटीत न जाता २०१६ च्या कायद्याने स्थापिलेल्या वनीकरण निधीत जाते. रान ग्रामसभेचे, झाडे तुटली ग्रामसभेची आणि पैसा खात्याचा! शिवाय फेब्रुवारी २०१३ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने एका पत्रान्वये रस्ते, कालवे, वाहिन्या अशा लांबट कामांस ग्रामसभेच्या संमतीच्या अटीतून सूट दिली. अतिमागास गणल्या गेलेल्या आदिम जमातींच्या हक्कांस बाध येत असेल तेथे मात्र ही सूट नव्हती. गडचिरोलीतील माडिया गोंड हे अशाच जमातींत मोडतात, ही गोष्ट अधिकाऱ्यांनी विसरू नये आणि त्यांच्या गावांतील सुशिक्षितांनीही विसरू देऊ नये.

“वाटा मागणे ही नवीच टूम आहे,” असे कोणी म्हणेल, तर त्यास सरकारचेच दप्तर उघडून दाखविता येईल. २००८ च्या राष्ट्रीय जलविद्युत धोरणात धरणाच्या राज्यास १२ टक्के वीज फुकट द्यावी, आणखी एक टक्का स्थानिक विकासासाठी राखावा आणि प्रत्येक प्रकल्पग्रस्त कुटुंबास दहा वर्षेपर्यंत महिना शंभर युनिटे द्यावीत, असे लिहिले आहे. पाण्यापासून वीज काढली तर वाटा आणि कोळशापासून काढली तर काही नाही, या भेदास आधार तो कोणता? नदी दर पावसाळ्यात पुन्हा भरते. कोळसा एकदाच जळतो. खरे म्हटले तर कोळशाच्या जिल्ह्याचा हक्क अधिक बलवत्तर आहे. २०१५ साली खाणींच्या कायद्यात दुरुस्ती होऊन जिल्हा खनिज प्रतिष्ठान निघाले आणि स्वामित्वधनाच्या प्रमाणात पैसा जिल्ह्यात ठेवण्याचे ठरले, हे योग्यच झाले. परंतु तो पैसा खाणीवर बसतो. वीजकेंद्र आणि वाहिनी यांवर बसत नाही. खाण संपली की तोही संपणार. तसेच २०२३ साली राज्य सरकारने मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा दुसरा टप्पा काढला, तेव्हा ज्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत सौरप्रकल्प होईल तीस वर्षास पाच लाख रुपये तीन वर्षेपर्यंत द्यावयाचे ठरले. तत्त्व मान्य झाले, हे मोठेच पाऊल होय. पण प्रकल्प चालावयाचा पंचवीस वर्षे आणि वाटा मिळावयाचा तीन वर्षे, हा हिशेब कोणत्या पेढीवर मान्य होईल?

परदेशांतही वारे याच दिशेने वाहत आहे. विलायत सरकारने मार्च २०२५ मध्ये जाहीर केले की, नव्या वाहिन्यांच्या मनोऱ्यांपासून पाचशे मीटरच्या आत राहणाऱ्या घरांस वर्षास २५० पौंडांपर्यंत वीजबिलात सूट दहा वर्षे मिळेल. जर्मनीत २०२१ च्या कायद्याने पवनचक्क्यांच्या मालकांस आसपासच्या गावांच्या पंचायतींस दर युनिटामागे ०.२ सेंट देण्याची मोकळीक करून दिली. ही राष्ट्रे भोळ्या दानशूरांची नव्हेत. हिशेबास पक्की आहेत. गावाचे मन सांभाळले तर काम लवकर होते आणि कोर्टकचेरी वाचते, हे त्यांनी ओळखले. आपल्याकडे हा धडा शंभर वर्षांपूर्वीच मिळाला होता. मुंबईस वीज पुरविण्यासाठी मुळशीचे खोरे बुडविण्याचे ठरले, तेव्हा १९२१ साली मावळ्यांनी सत्याग्रह मांडला आणि सेनापती बापटांनी त्यासाठी तुरुंग पत्करला. धरण झाले, मुंबईस वीज मिळाली. पण खोऱ्यातील माणसास त्या विजेत भागीदार करून घ्यावे, हे कोणास सुचले नाही. १९८४ च्या सुमारास भोपालपट्टणम् व इचमपल्लीच्या धरणांविरुद्ध बाबा आमटे यांच्यासह या रानातील माणसे उठली, तेव्हा ती योजना मागे पडली. विचारल्यावाचून लादलेले काम एकतर रक्त आटवून पुरे होते, नाहीतर होतच नाही.

मग करावे काय? आमची सूचना साधी आहे. महाऔष्णिक केंद्र वर्षभर सरासरीने शक्तीच्या साठ टक्के चालले असे धरले, तर २९२० मेगावॉटच्या हिशेबाने सुमारे १५३५ कोटी युनिटे वीज निघते. दर युनिटास एक पैसा धरला तरी वर्षास पंधरा कोटी रुपयांवर रक्कम होते. येथे कायदेपंडित आक्षेप घेतील की वीज उत्पन्न करण्यावर कर बसविण्याचा अधिकार राज्यास नाही. आक्षेप विचारार्ह आहे आणि म्हणूनच नवा कर आम्ही मागत नाही. राज्यघटनेच्या राज्यसूचीतील ५३ व्या नोंदीप्रमाणे विजेच्या विक्रीवर व वापरावर शुल्क घेण्याचा राज्यास निर्विवाद अधिकार आहे आणि ते शुल्क २०१६ च्या महाराष्ट्र वीजशुल्क अधिनियमान्वये प्रत्येक बिलात घेतलेही जाते. त्या जमलेल्या शुल्कातून एवढी रक्कम दरवर्षी बाजूस काढून केंद्राच्या व वाहिन्यांच्या वाटेवरील ग्रामसभांच्या नावे जमा करावी. वीज एका पैशानेही महाग होत नाही. सरकारच्या मोठ्या रांजणातून एक तांब्या काय तो काढावयाचा. मात्र हे मंत्र्याच्या मर्जीने न होता विधिमंडळाच्या कायद्याने व्हावे आणि वाहिनी उभी असेपर्यंत चालावे. अनुग्रह आज मिळतो, उद्या बंद होतो; हक्क बंद करावयाचा तर कारण सांगावे लागते.

हा पैसा सभामंडप आणि कमानी बांधण्यात जाऊ नये, याबद्दल आम्ही तितकेच आग्रही आहोत. त्यातून गावाच्या मालकीचे वीजकाम उभे राहावे. २०१९ च्या कुसुम योजनेच्या पहिल्या भागात पाचशे किलोवॉटपासून दोन मेगावॉटपर्यंतचे सौरप्रकल्प उपकेंद्राजवळच्या पडीत जमिनीवर शेतकऱ्यांस, सहकारी संस्थांस व पंचायतींस स्वतःच्या मालकीने उभारण्याची मुभा होती. मुभा होती, पण भांडवल कोठून आणावे? ते भांडवल म्हणजेच हा वाटा. जमिनीचा प्रश्नही अगदीच अभेद्य नाही. वनहक्क कायद्याच्या तिसऱ्या कलमाच्या दुसऱ्या पोटकलमात शाळा, दवाखाना, पाणी इत्यादी तेरा सोयींसाठी प्रत्येकी एक हेक्टरहून कमी वनजमीन ग्रामसभेच्या शिफारशीने देता येते आणि त्या तेरांत अपारंपरिक ऊर्जेचे नाव स्पष्ट आहे. एवढ्या जागेत सुमारे अर्ध्या मेगावॉटचा सौरप्रकल्प मावतो. अडचण एकच: त्या सोयी ‘शासनाने चालविलेल्या’ असाव्यात, असे शब्द कलमात आहेत. या शब्दांत ग्रामसभेचा समावेश होतो, अशी दुरुस्ती केंद्राने करावी. ज्या कायद्याने ग्रामसभेस रानाचा मालकी हात दिला, त्याच कायद्याने तिला दिव्याच्या कामी परकी मानावे, हे विसंगत आहे.

या विजेची गरज किती आहे, ते शहरात बसून कळणार नाही. दिवसा वीज देणारी वाहिनी जेथे अजून पोहोचली नाही, तेथे पाळीप्रमाणे रात्री मोटार सुरू करावयास शेतकऱ्यास बाहेर पडावे लागते. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल या भागांत रात्री शेतात जाणे म्हणजे वाघाच्या वाटेवर उभे राहणे होय. ज्याचे जळते त्यालाच कळते. सूर्यावर चालणारी वीज दिवसाच निघते. म्हणून या जिल्ह्यांत सौरवाहिनीस शेतीची सोय एवढेच म्हणून भागणार नाही, ती जीव वाचविणारी गोष्ट आहे. भामरागडसारख्या ठिकाणी तर पर्लकोटेस पूर आला की वाटच तुटते. अशा गावी दवाखान्याचा आणि पाण्याच्या पंपाचा दिवा गावातच निघाला पाहिजे.

“खेडवळांच्या हाती एवढा पैसा दिला तर तो उधळला जाईल,” ही शंका शहाण्यांच्या बैठकीत हमखास निघते. पूर्वी इंग्रज आमच्या स्वराज्याविषयी हेच म्हणत असे! मेंढ्याच्या ग्रामसभेने २०११ पासून आपला बांबू आपण विकला. गोंडपिपरी तालुक्यातील पाचगावास २०१२ साली हक्क मिळाला आणि त्यानेही बांबूचा व्यवहार उत्तम रीतीने चालविला. गडचिरोलीतील कित्येक ग्रामसभा तेंदूपानांचे लिलाव स्वतः करितात. पुणे जिल्ह्यातील दरेवाडी या डोंगरी वस्तीत २०१२ साली सुमारे चाळीस घरांपुरता सौरवीजेचा लहान प्रकल्प उभा राहिला आणि त्याची वसुली गावच्याच मंडळीने पाहिली. गैरव्यवहार होणारच नाही, अशी हमी आम्ही देत नाही. ती नगरपालिकांविषयी तरी कोण देईल? उपाय इतकाच की, हिशेब दर तिमाहीस ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवावा आणि कारभारी मंडळात निम्म्या स्त्रिया असाव्यात. सरपण आणि पाणी यांचा भार ज्यांच्या डोक्यावर आहे, त्यांस ऊर्जेचा विचार कोणी शिकवावयास नको.

शेवटी आमच्या व्यापारी वाचकांस दोन शब्द. हा खेड्यांचा प्रश्न आहे, आपला नव्हे, असे समजून पान उलटू नका. दुकानाच्या बिलावर घरगुती वापराहून जड वीजशुल्क तुम्ही भरता; त्यातला पैसा जिल्ह्यात राहिला तर तो तुमच्याच बाजारात फिरणार. भाताची गिरणी, बांबूचे काम, मोहफुलांची साठवण हे धंदे तालुक्याच्या गावी भरवशाच्या विजेवर उभे राहिले, तर माल कच्चा जाण्याऐवजी पक्का होऊन जाईल. दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. वरोऱ्याची खाण १९०६ साली बंद पडली. महाऔष्णिक केंद्राचे पहिले दोन संच आपल्या डोळ्यांदेखत थांबले. कोळसा अक्षय नाही आणि जगाचा ओढाही त्याच्यापासून दूर चालला आहे. कोळसा संपेल त्या दिवशी जिल्ह्यापाशी राखेवाचून काही उरावे अशी इच्छा असेल, तर त्याची तरतूद कोळसा जळत असतानाच करावयास पाहिजे. वीजदर ठरविण्यापूर्वी राज्य वीज नियामक आयोग हरकती मागवितो आणि जाहीर सुनावणी घेतो. शुल्काचा वाटा ठरविणे आयोगाच्या हाती नाही हे खरे; तरी वीजकेंद्राच्या शेजाऱ्यांचे म्हणणे सरकारी दप्तरात नोंदले जाण्याची ती एक जागा आहे. धुळीबद्दल घरी बसून कुरकुर करणाऱ्या आपल्या शहरातून तेथे किती लेखी हरकती जातात? व्यापारी मंडळाने, वकिलांच्या संघाने आणि ग्रामसभांनी मिळून एक अर्ज करावा, त्याची एकेक प्रत दोन्ही जिल्ह्यांतील प्रत्येक आमदाराच्या हाती द्यावी आणि येत्या अधिवेशनात त्यांस उत्तर मागावे. तारा जातील, त्यांस आमची ना नाही. पण जाताना त्यांनी वाटेवरच्या गावाचे देणे चुकते करून जावे.